बाळा, टेबलाखालून बाहेर ये!

मे महिन्यात रत्नागिरीत दोन गोष्टी एकाच वेळी येतात. एक हापूस आंबा आणि दुसरी नातवंडं. दोन्ही गोड, दोन्हींची वर्षभर वाट पाहिलेली, आणि दोन्ही अति झाली की पोट बिघडतं. फरक इतकाच, की आंबा आढीत घालून वर गवत टाकलं की आठ दिवस मुकाट्यानं बसतो. नातवंडांसाठी अशी आढी अजून कुणी काढलेली नाही.

आमची दोन पुण्याहून येतात. नात सात वर्षांची, नातू चार वर्षांचा. पहिले चार दिवस आमरस, फणसाची भाजी, घावन, उकडीचे मोदक असा थाट चालतो. पाचव्या दिवशी नात विचारते, "आजोबा, रत्नागिरीत हॉटेल नाही का हो?" हे ती अशा स्वरात विचारते, की रत्नागिरीत वीज आली का, असंच तिला विचारायचं असावं. मग गावाची अब्रू राखायला आम्ही सगळे हॉटेलात जातो.

परवा असेच गेलो. बसून तीन मिनिटं झाली नसतील तोच नातू टेबलाखाली गेला. आधी आमच्या टेबलाखाली होता. मग तिथं पाहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून शेजारच्या टेबलाखाली गेला. तिथले एक गृहस्थ चपला काढून, मांडी घालून, निवांत सोलकढी पीत होते. त्यांची एक चप्पल तिसऱ्या टेबलाखाली सापडली. चिरंजीव फोनवर बोलत होते, सूनबाई मेनूकार्ड वाचत होत्या, आणि आमची ही वाकून वाकून म्हणत होती, "बाळा, टेबलाखालून बाहेर ये!" माझा असा अंदाज आहे, की मराठी हॉटेलांत 'बिल आणा' या वाक्याच्या खालोखाल हेच वाक्य सर्वांत जास्त वेळा उच्चारलं जात असावं.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत, पण ती नजर मी ओळखली. लग्न होण्यापूर्वी मी स्वतः ती नजर कित्येक आईबापांवर टाकलेली आहे. 'पोरं सांभाळता येत नसतील तर घरी बसावं माणसानं,' असा तिचा मराठी अनुवाद होतो.

घरी आल्यावर मी ठरवलं, की लहान मुलांना हॉटेलात कसं न्यावं याचे काही नियम लिहून काढायचे. पण आपल्याकडे नियमाआधी इतिहास सांगायची पद्धत आहे. त्यामुळे नियम येईपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो, आणि नियम पाळायचा प्रश्नच उरत नाही. मीही तीच पद्धत ठेवतो.

इतिहासात डोकावल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की मुलांनी हॉटेलात कसं वागावं हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना कधी पडलाच नाही. कारण त्यांना पडलेला प्रश्न होता, माणसानं हॉटेलात जावं का? बाहेरचं खाणं हे सिनेमा, तमाशा आणि विडी यांच्याच रांगेत बसलेलं होतं. ज्याला घर नाही, किंवा असून घरात कुणी विचारत नाही, त्यानं बाहेर खायचं. रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली. ती गिरणगावातल्या घरगुती खाणावळीत जेवायची, तेही गाव लांब राहिलं म्हणून. त्यांना वाढणाऱ्या बायांची संघटना १९७५ साली प्रेमा पुरवांनी उभी केली आणि तिचं नाव 'अन्नपूर्णा' ठेवलं. नाव अगदी योग्य. पण त्या खाणावळीत मुलं नव्हती. मुलं इकडे कोकणात, मनिऑर्डरची वाट पाहत.

आणि बाहेर नुसता चहा पिण्यावरूनसुद्धा केवढं रामायण व्हायचं! १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी पुण्यातली बडी बडी मंडळी तिथं नेली. मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटं पुढं केली. कुणी प्यायले, कुणी नुसताच कप हातात धरला. पुढे गोपाळरावांनी त्या सगळ्यांची नावं छापून आणली आणि गावात गहजब झाला. ग्रामण्य बसलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळकही होते. दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेनं जावं लागलं. एका कपाची किंमत इतकी! आज आमच्या नातवानं तीन कप उपडे केले तरी व्यवस्थापक "असू दे, असू दे" म्हणतो, तेव्हा मला आपण किती स्वस्ताईच्या काळात राहतो याची जाणीव होते.

पण हा मोठ्यांचा चहा झाला. मुलांची गोष्ट निराळी, आणि ती सांगताना थट्टेचा सूर जरा बाजूला ठेवावा लागतो.

१९०१ सालची गोष्ट आहे. साताऱ्याहून चार मुलं आगगाडीनं निघाली. वडील नोकरीनिमित्त परगावी होते, त्यांच्याकडे सुट्टीला. नवे कपडे, नव्या टोप्या, बरोबर जेवणाचा डबा. मसूर स्टेशनावर उतरली, पण वडिलांना पत्र वेळेवर मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं प्रेमानं चौकशी केली. मुलांनी आपली जात खरी सांगितली, आणि मास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर. रात्र झाली. डबा भरलेला होता, पण पाणी कुणी देईना. पाण्याशिवाय घास उतरेना. मुलं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. त्यांतला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. आंबडवे हे त्यांचं मूळ गाव आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. ही हकिगत त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात स्वतः लिहून ठेवली आहे. लहान मुलांना घेऊन बाहेर जेवायला जाण्याचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याचं पहिलं पान हे आहे. चार मुलं अगदी शहाण्यासारखी वागत होती. कुणी टेबलाखाली गेलं नव्हतं. शिष्टाचार चुकला तो मोठ्यांचा.

याच आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा मसूरच्या त्या रात्रीची तहान त्यांना आठवली असेल का, असा विचार माझ्या मनात हटकून येतो.

आता आमच्या गावात येऊ. १९२४ साली सावरकरांना रत्नागिरीत स्थानबद्ध केलं गेलं, ते १९३७ पर्यंत. जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही, अशा दोन अटी. मग त्यांनी गावातल्या जेवणाच्या पंक्तीकडे मोर्चा वळवला. सहभोजनं सुरू झाली. शाळेत सगळ्या जातींची मुलं एकत्र बसवावीत म्हणून खटपट झाली. भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं. आणि १९३३ च्या मे महिन्यात एक हॉटेल निघालं, 'अखिल हिंदू उपाहारगृह'. कुणीही यावं, शेजारी शेजारी बसावं, आणि चहा देणारा माणूस महार समाजाचा. सावरकरांना भेटायला येणाऱ्यांनी आधी तिथं जाऊन चहा घ्यावा, असा दंडक होता म्हणतात. पाटीवर 'अखिल' असलं तरी पुढचा शब्द 'हिंदू' होता, तेव्हा मिरकरवाड्यातल्या आमच्या मुसलमान शेजाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्या पाटीनं सोडवला नव्हता. पण त्या काळच्या रत्नागिरीत कपाला कप लावून बसणं हेच मुळात धरणीकंप होण्यासारखं होतं.

त्या धरणीकंपाचा एक लहानसा हादरा आमच्या घरालाही बसला. आमचे आजोबा कचेरीत कारकून. सुधारणेची व्याख्यानं ऐकायला पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवायला सगळ्यांत पुढे, आणि पानं मांडली जाताहेत असं दिसलं की त्यांच्या पोटात कळ येई. ही कळ मोठी शिस्तीची होती. व्याख्यान संपेपर्यंत ती कधी आली नाही. वडील तेव्हा अकरा वर्षांचे. शाळेतल्या दोघा-तिघांबरोबर ते एके दिवशी त्या उपाहारगृहात गेले, चहा प्यायले आणि घरी येऊन अभिमानानं सांगून बसले. आजीनं काही न बोलता त्यांना मागच्या दारी नेलं, विहिरीवर उभं केलं आणि वरून दहा-बारा कळश्या ओतल्या. आता रत्नागिरीचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, की विहिरीचं गार पाणी ही काही शिक्षा नव्हे. वडील दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "मेल्या, तुझ्या चहापायी माझी कंबर मोडली. पी काय प्यायचं ते!" आमच्या घरात समाजसुधारणा शिरली ती अशी, आजीच्या कंबरेतून.

पुढे स्वातंत्र्य आलं आणि १९५० साली राज्यघटना आली. माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षित माणसांना हे ठाऊक नसतं, की आपल्या घटनेत हॉटेलाचा उल्लेख आहे. पंधराव्या कलमात, दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत धर्म, जात, लिंग वगैरे कारणांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं लिहिलंय. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदाही झाला. तरी खेडोपाडी चहाच्या दुकानाबाहेर, छपराच्या वाशाला अडकवलेल्या वेगळ्या कपबश्या त्यानंतरही पुष्कळ वर्षं लोंबत राहिल्या. कायदा दारातून आत येतो आणि कप वाशालाच टांगलेला राहतो.

एवढं सगळं झाल्यावर मग कुठे आमची पिढी हॉटेलात शिरली.

मी प्रथम हॉटेलात गेलो तो १९६१ साली, आठव्या वर्षी, वडिलांचं बोट धरून. पण त्याआधी दोन दिवस घरी तालीम झाली. हॉटेलात मोठ्यानं बोलायचं नाही. हे काय, ते काय विचारायचं नाही. दुसऱ्याच्या बशीत बघायचं नाही. समोर येईल ते खायचं. आणखी हवं का असं विचारलं तर 'नको' म्हणायचं. पुन्हा विचारलं तरी 'नको' म्हणायचं. हा शेवटचा नियम मोठा महत्त्वाचा, कारण वडिलांच्या खिशात किती आहे ते फक्त आईला माहीत असे. नव्या पैशांना येऊन चार वर्षं झाली होती, पण वडील अजून आण्यांत हिशेब करीत आणि पैशांत देत, त्यामुळे आम्ही जेवढं खाल्लं त्याच्या दुप्पट वेळ गल्ल्यापाशी जात असे.

संगमरवरी फरशीची टेबलं, कडेला काचेच्या कपाटात बुंदीचे लाडू आणि शेव, भिंतीवर देवांची चित्रं आणि त्यांच्यामध्ये पाट्या. 'आज रोख, उद्या उधार.' 'विनाकारण बसू नये.' 'राजकारणावर चर्चा करू नये.' मुलांविषयी मात्र एकही पाटी नव्हती. त्याचं कारण असं, की मुलं येतच नसत. आणि जी येत, ती आमच्यासारखी तालमीत तयार होऊन येत.

बायकामुलांसाठी 'फॅमिली रूम' असे. मुंबईला गिरगावात मामाकडे गेलो, की धोबीतलावच्या बाजूच्या इराण्यांकडे ती हमखास पाहायला मिळे. तिथलं कयानी १९०४ सालचं. दादरला स्टेशनासमोर मामा काण्यांचं १९१० सालचं, पण ते पडलं आपलं घरगुती वळणाचं. इराण्याची फॅमिली रूम म्हणजे लाकडी पार्टिशनचं एक खुराडं आणि त्याला मळकट पडदा. त्या पडद्याआड मामी ब्रुनमस्का चहात बुडवून अशा घाईनं खात असे, की बाहेर पोलीस उभा असावा. आम्ही मुलं आत कितीही दंगा केला तरी पडद्याबाहेर कुणी रागावत नसे. आज मला वाटतं, ती पडद्याची सोय बायकांसाठी नव्हतीच. ती मुलांपासून इतर गिऱ्हाइकांच्या संरक्षणासाठी असावी, आणि ती काढून टाकली ही मोठी चूक झाली.

मुलं ही गिऱ्हाइकं आहेत हे बाहेरच्या जगालाही उशिराच कळलं. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली, हॉटेलांचा मोठा धंदा बसला, आणि मग त्यांचं लक्ष टेबलाच्या कमी उंचीच्या भागाकडे गेलं. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलानं १९२१ साली मुलांचं वेगळं मेनूकार्ड काढलं. पदार्थ मात्र पथ्याचे. म्हणजे बापाची दारू बंद झाली आणि मुलाला मऊ भात मिळाला. जगाचा इतिहास अशाच कारणांनी पुढे सरकतो.

पण मी १९६१ सालच्या त्या हॉटेलात होतो. तिथं लहान मुलं येत नसत असं मी वर म्हटलं, ते खरं नाही. तिथं एक मुलगा होता. माझ्याच वयाचा, फार तर वर्षभर मोठा. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, खांद्यावर ओलं फडकं. त्याला सगळे 'पोऱ्या' म्हणत. त्याचं नाव काय होतं ते त्या हॉटेलात कुणी उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. एका हाताच्या पाच बोटांत पाण्याचे चार गिलास, बोटं पाण्यात बुडलेली, आणि तोंडानं खणखणीत आवाजात हिशेब : "काळी टोपी, सहा आणे घ्या! बाजूचे दोन, साडेसात आणे!" मी त्याच्याकडे डोळे विस्फारून पाहत राहिलो. मला त्याचा हेवा वाटला. दिवसभर हॉटेलात राहायचं, लाडवांच्या कपाटाशेजारी! शाळा नाही, पाढे नाहीत, आणि तोंडी हिशेब माझ्या मास्तरांपेक्षा चांगला.

वडिलांनी बटाटेवडा आणि चहा मागवला. चहा बशीत ओतून प्यायचा, हे मला घरी शिकवलेलं होतं, पण घरची बशी पितळेची आणि ही चिनीमातीची, गुळगुळीत. माझ्या हातून ती निसटली. फुटली. चहा टेबलावरून माझ्या चड्डीवर आणि तिथून खाली गेला. पोऱ्या त्याच वेळी फडकं घेऊन आमच्या टेबलाशी उभा होता. आवाज ऐकून मालक गल्ल्यावरून उठून आला. त्यानं फुटलेली बशी पाहिली, फडकं घेतलेला पोऱ्या पाहिला, आणि काही न विचारता त्याच्या थोबाडीत दिली.

वडील तेवढ्यात हात धुवायला मोरीकडे गेले होते. मालक मला म्हणाला, "भाजलं नाही ना बाळ?" मी मान हलवली. पोऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. रडला नाही. वाकून टेबलाखाली गेला, काचा वेचल्या, फरशी पुसली आणि बाहेर आला. मला एकच वाक्य बोलायचं होतं, 'माझ्या हातून पडली.' पण घरच्या तालमीत हॉटेलात मोठ्यानं बोलायचं नाही असं शिकवलेलं होतं, आणि मी तो नियम तंतोतंत पाळला. परत येताना वडील आईला म्हणाले, "पोरगा अगदी शहाण्यासारखा वागला हो!"

त्यानंतर मी खूप हॉटेलांत गेलो. पोऱ्ये खूप पाहिले. त्यांना 'बारक्या' म्हणत, 'छोटू' म्हणत. मीही म्हणालो. आमच्या मुलाला घेऊन जाऊ लागलो तेव्हा त्याला सांगत असे, "बघ, तो मुलगा कसा शहाण्यासारखा काम करतोय, नाहीतर तू!" हे वाक्य त्या दोघांनाही ऐकू जात असेल, हे माझ्या लक्षात कधी आलं नाही. हॉटेलात मुलांचे शिष्टाचार पाहायचे असतील तर ते त्या पोऱ्यांकडे पाहावेत. मोठ्यानं बोलत नाहीत, पळत नाहीत, हट्ट करीत नाहीत, आणि टेबलाखाली जातात ते फक्त फरशी पुसायला. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात, ढाब्यावर, चहाच्या टपरीवर कामाला ठेवायला बंदी आली. सगळीकडे ती पाळली जातेच असं नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण निदान आता 'पोऱ्या, एक सिंगल!' अशी हाक मारताना माणूस आधी इकडेतिकडे बघतो. हीसुद्धा प्रगतीच म्हणायची.

असो. इतिहास झाला, आता नियम सांगतो. एवढा वेळ तुम्ही उठून गेला नाहीत, त्याअर्थी तुमच्या घरातही नातवंडं असावीत.

एक, मुलं भुकेजायच्या आधी अर्धा तास हॉटेलात पोचावं. गर्दीही नसते, आणि भुकेलं मूल व उपाशी वाघ यांच्यात वाघाला निदान जंगलात सोडता येतं. दोन, भिंतीकडचं टेबल घ्यावं, मुलाला भिंतीच्या बाजूला बसवावं. शत्रूला तीन बाजूंनी वेढण्याची ही पद्धत आमच्या भगवती बंदरच्या किल्ल्याला पाहून सुचते. तोही तीन बाजूंनी समुद्रानं वेढलेला आहे. तीन, गेल्या गेल्या पापड, इडली, काहीतरी लवकर येणारं मागवावं. मेनूकार्डाचं पारायण नंतर. चार, गरम चहाचे आणि सांबाराचे ट्रे जिथून जातात तिथं मुलाला पळू देऊ नये. हा शिष्टाचाराचा नाही, भाजण्याचा प्रश्न आहे. पाच, मोबाईल हातात देऊन मूल गप्प बसवता येतं हे खरं, पण मग ते काय खातंय हे त्याला कळत नाही आणि आपण कुणाबरोबर आलोय हे आपल्याला. सहा, मूल रडायला लागलं तर एकानं त्याला घेऊन बाहेर जावं, आणि बाहेर गेलेल्याचं ताट उरलेल्यांनी संपवू नये. हा नियम मी अनुभवानं घातला आहे. सात, टेबलाखाली भाताचा सडा पडला असेल, तर उठताना निदान मोठी शितं आपण गोळा करावीत. वाढणाऱ्याच्या हाती तसाच उकिरडा सोडून जाऊ नये.

आठवा नियम मी लिहिला नव्हता. तो परवा मिळाला. त्या संध्याकाळचा शेवट सांगायचा राहिला होता, तो आता सांगतो.

चप्पल परत गेली, नातू बाहेर आला, डोसे आले. आता सगळं सुरळीत पार पडणार असं वाटत होतं, तोच नातीचा कोपर लागून सांबाराची वाटी कलंडली. सांबार टेबलावरून खाली, आणि खाली उभ्या असलेल्या वाढप्याच्या पांढऱ्या बुटावर. वाढपी पंचविशीतला, बहुधा बाहेरगावचा. गल्ल्यावरून व्यवस्थापकानं मान वर केली आणि जरबेनं विचारलं, "काय रे, काय सांडलंस?"

मी आठ वर्षांचा झालो. खरंच सांगतो. जीभ टाळ्याला चिकटली.

आणि आमची सात वर्षांची नात खुर्चीवर उभी राहिली, हॉटेलात मोठ्यानं बोलायचं नाही हा नियम तिला कुणी शिकवलेला नव्हता, आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांनी नाही सांडलं! मी सांडलं! माझा कोपर लागला!" मग वाढप्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "सॉरी काका. तुमचा बूट मी पुसून देऊ?"

वाढपी हसला. "असू दे ताई," म्हणाला. व्यवस्थापकानं मान खाली घातली. सोलकढीवाल्या गृहस्थांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण ही नजर वेगळी होती.

मला वाटलं, हे एक वाक्य. सहा शब्दही नाहीत. साठ वर्षांवर गेली, मी ते पोटात घेऊन हिंडतोय, आणि ही पोरगी खुर्चीवर उभी राहून बोलून मोकळी झाली. तिला खुर्चीवर उभं राहिल्याबद्दल रागवायचं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी सांबाराबरोबर गिळलं.

तेव्हा आठवा नियम असा : सांडणाऱ्यानं सांगावं. बाकीचे सात मोडले तरी चालतील.

बिल आलं. मी आण्यांत हिशेब केला, चिरंजीवांनी फोन दाखवून पैसे दिले. दारापर्यंत पोचलो तेव्हा आमची ही मागे वळून म्हणाली, "अहो, नातू कुठाय?"

मी न बघताच वाकलो आणि हाक मारली, "बाळा, टेबलाखालून बाहेर ये!"